परसातल्या कोंबड्या: दाणा किती, केव्हा द्यायचा आणि खोडी कशा मोडायच्या

परसात आठ-दहा कोंबड्या आल्या की काही महिन्यांत त्याच त्या तक्रारी सुरू होतात. अंडी खुराड्याऐवजी झुडपात सापडतात, एकमेकींची पिसं ओढली जातात, अंडं फोडून खाल्लं जातं, संध्याकाळी अर्धा कळप शेवग्यावर जाऊन बसतो. कोंबडीच वाईट निघाली, असं म्हणून लोक ती विकून टाकतात, आणि नवी कोंबडीही महिनाभरात तेच करायला लागते. कारण बहुतेक वेळा दाण्यात, दाण्याच्या वेळेत किंवा अपुऱ्या जागेत असतं. म्हणून इथे खाद्य आणि वागणूक एकत्रच घेतली आहे. हिशेब सगळीकडे दहा माद्या आणि एक नर असा धरला आहे.

आधी दोन गोष्टी ठरवा

पहिली, कोंबडी कोणती. अस्सल गावरान मादी सव्वा ते दीड किलोची असते आणि तिला दिवसाला ८० ते ९० ग्रॅम खाद्य पुरतं. ग्रामप्रिया, कावेरी यांसारख्या अंड्यांच्या सुधारित जातींना ११० ग्रॅमच्या आसपास लागतं. गिरिराज आणि वनराज अंगाने भारी असतात. त्यांना समोर ठेवाल तेवढं खाऊ दिलं तर त्या चरबी धरतात आणि अंडी कमी करतात, तेव्हा त्यांना मापूनच द्या, १२० ग्रॅमच्या वर नको.

दुसरी, ती फिरते किती. नाशिक जिल्ह्यात सुरगाणा, पेठ किंवा त्र्यंबकच्या पाड्यावर दिवसभर रानात चरणारी कोंबडी किडे, वाळवी, गवताचं बी आणि खळ्यातला सांडलेला दाणा खाऊन जवळजवळ निम्मं पोट भरते. तिला घरचा ४० ते ५० ग्रॅम दाणा पुरतो. नाशिक शहरात गंगापूर रोड किंवा सिडकोतल्या बंगल्यामागे दहा बाय दहाच्या जाळीत ठेवलेल्या कोंबडीला मात्र सगळं तुमच्याच हातून मिळतं, तिला पूर्ण माप हवं. ‘गावरान आहे, काहीही खाते’ या समजुतीने जाळीतली कोंबडी सर्वांत जास्त उपाशी राहते. पोट भरतं, पण प्रथिनं मिळत नाहीत, आणि पिसं ओढायची सवय इथूनच लागते.

एकदा काट्यावर वजन करून एका डब्यावर खूण करून ठेवा. ओंजळीचं माप घरातल्या प्रत्येकाचं वेगळं असतं.

घरचं मिश्रण

दुकानातलं लेअर (अंड्यावरच्या कोंबड्यांचं) खाद्य चांगलं असतं आणि सोपंही. पण येवला, नांदगाव, चांदवड, मालेगाव पट्ट्यात मका घरचा असतो, बाजरीही असते. अशा घरी दहा किलोचं मिश्रण असं करता येतं:

मक्याचा भरडा ५ किलो
बाजरी किंवा नागली १ किलो
सोयाबीन पेंड २ किलो २०० ग्रॅम
गव्हाचा किंवा तांदळाचा कोंडा दीड किलो
कोंबड्यांचं खनिज-जीवनसत्त्व मिश्रण २०० ग्रॅम
मीठ ३० ग्रॅम
मेथिओनिन १० ग्रॅम

यात साधारण १७ टक्के प्रथिनं बसतात, अंड्यावरच्या कोंबडीला तेवढी हवीतच. मीठ, खनिज मिश्रण आणि मेथिओनिन आधी किलोभर कोंड्यात नीट कालवून घ्या, मग तो कोंडा बाकीच्या ढिगात मिसळा. थेट ढिगावर टाकलं तर एका कोंबडीला मीठच मीठ आणि दुसरीला काहीच नाही, असं होतं. भरडा रव्याइतका बारीक नको. पिठूळ खाद्य चोचीला चिकटतं आणि पाण्याचं भांडं घाण करतं.

मेथिओनिन हे अमिनो आम्ल, म्हणजे प्रथिनांचा एक घटक आहे. मका-सोयाबीनच्या मिश्रणात ते कमी पडतं आणि पिसांना नेमकं तेच लागतं. कुक्कुटखाद्याच्या दुकानात सुटं मिळतं. ‘एवढंसं काय करणार’ म्हणून ते टाळणाऱ्यांकडेच पिसं ओढण्याची तक्रार जास्त असते.

घरचं सोयाबीन कच्चं भरडून घालू नका. कच्च्या दाण्यात प्रथिनं पचू न देणारा घटक असतो आणि तो भाजल्याने जातो. भाजलेलं अख्खं सोयाबीन वापरायचं तर पेंडेच्या जागी २ किलो ७०० ग्रॅम घ्या आणि मका अर्धा किलो कमी करा. सरकी पेंड अंड्यावरच्या कोंबड्यांना नको. तिच्यातल्या गॉसिपॉल नावाच्या घटकामुळे साठवलेल्या अंड्यांचा बलक हिरवट-तपकिरी पडतो. गाई-म्हशींचं पशुखाद्यही नको, त्यात युरिया असू शकतो आणि मिठाचं प्रमाण कोंबडीच्या मानाने जास्त असतं. दुभत्या जनावरांचं खनिज मिश्रणही कोंबड्यांना वापरू नका, दोघांच्या गरजा वेगळ्या आहेत.

मका घेताना एक दाणा दाताखाली फोडा. कटकन फुटला तर वाळलेला आहे, चेपला गेला तर ओल आहे. ओल्या मक्याला पंधरा दिवसांत बुरशी धरते. बुरशीचं विष ऊन देऊन किंवा धुऊन जात नाही. ते यकृत खराब करतं, अंडी घटवतं आणि मानमोडीची (राणीखेत रोगाची) लस टोचूनही ती नीट लागू पडत नाही. काळपट किंवा हिरवट पडलेला दाणा सरळ खड्ड्यात पुरा, कोंबड्या खातात म्हणून त्यांच्यावर खपवू नका. पावसाळ्यात तीन आठवड्यांपुरतंच मिश्रण करा आणि पोतं भिंतीपासून वीतभर लांब, फळीवर ठेवा.

दिवसाचं वेळापत्रक

सकाळी उजाडल्यावर खुराड्यातच पाणी आणि दिवसाच्या मापाचा एक तृतीयांश भरडा द्या. दार लगेच उघडू नका. बहुतेक माद्या सकाळी दहा-अकरापर्यंत अंडं घालतात. दार दहाला उघडलं की अंडी आपोआप खुराड्यात पडतात. अंड्यांसाठी झुडपं धुंडाळण्याची निम्मी कटकट इथेच मिटते. दहापर्यंत कोंडायचं तर आत दर पक्ष्याला किमान दोन चौरस फूट जागा हवी, नाहीतर तेवढ्या वेळात टोचाटोची सुरू होते.

दुपारी दाणा नाही, फक्त हिरवा पाला: मेथीचे देठ, कोबीची वरची पानं, शेवग्याचा पाला, लसूण घास. जुडी बांधून कोंबडीच्या डोक्याच्या उंचीवर टांगा. जमिनीवर टाकलेला पाला पाच मिनिटांत तुडवला जातो, टांगलेल्या जुडीशी त्या तासभर झटतात. बंद जागेतल्या कोंबड्यांसाठी हा उद्योग दाण्याइतकाच गरजेचा आहे. अझोला (पाण्यावर वाढणारं शेवाळासारखं नेचं) असेल तर तो धुऊन, निथळून द्या. पण अझोल्यात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं, त्याच्या भरवशावर दाणा निम्म्यावर आणू नका.

मावळायच्या तासभर आधी उरलेलं दोन तृतीयांश माप खुराड्याजवळ किंवा आतच द्या. त्यातला मूठ-दोन मूठ भाग अख्खी बाजरी किंवा मका असू द्या. अख्खा दाणा सावकाश पचतो आणि रात्रभर पुरतो. दाणा देताना रोज एकच आवाज करा, ताटली वाजवा किंवा ठरलेली हाक द्या. आठ-दहा दिवसांत कोंबड्या त्या आवाजाला धावत येतात, आणि अचानक पाऊस आला किंवा घार दिसली की हीच हाक कामी येते. सकाळीच पोटभर दाणा दिला की त्या दिवसभर अंगणात बसून राहतात, चरत नाहीत, आणि संध्याकाळी परतायला त्यांना कारणच उरत नाही.

दाणापात्राची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला यावी आणि ते एक तृतीयांशच भरावं. काठोकाठ भरलं की चोचीने उडवून पाव हिस्सा मातीत जातो. लांबट पात्रात दर पक्ष्याला चार इंच कड मिळाली पाहिजे. सगळ्या एका वेळी खाऊ शकत नसतील तर शेवटच्या दोघी रोज उपाशी राहतात, आणि हे वरून पाहून कळत नाही.

ते कळण्यासाठी आठवड्यातून एकदा रात्री, कोंबड्या दांडीवर बसल्या की, एकेकीला हातात घ्या. अंधारात त्या धडपडत नाहीत. छातीच्या वर, गळ्याखाली उजव्या बाजूला अन्नपिशवी असते. नीट जेवलेल्या कोंबडीची पिशवी लिंबापेक्षा मोठी आणि दाण्यांनी घट्ट लागते. रिकामी, ढिली लागली तर तिला कुणीतरी हाकलतंय किंवा ती आजारी आहे. मग छातीचं हाड चाचपा. दोन्ही बाजूंना मांस हवं, हाड सुरीच्या पात्यासारखं टोचता कामा नये. सकाळी दाण्याआधी तीच पिशवी रिकामी असायला हवी. सकाळीही ती टम्म आणि कडक असेल तर लांब गवत, सुतळी किंवा प्लास्टिक अडकलं आहे. तिचा दाणा बंद करा, पाणी द्या आणि पशुवैद्यकाला दाखवा.

पाणी, कच आणि शिंपला

कोंबडी दाण्याच्या दुप्पट पाणी पिते. दहा-अकरा पक्ष्यांना हिवाळ्यात दोन-अडीच लिटर, एप्रिल-मे महिन्यांत चार-पाच लिटर धरा. उन्हाळ्यात एखादी दुपार पाणी संपलं तर पुढे काही दिवस अंडी कमी होतात. भांडं सावलीत, विटेवर ठेवा आणि रोज घासा.

कोंबडीला दात नाहीत, दाणा पोटातल्या खड्यांनी दळला जातो. फिरणारी कोंबडी खडे स्वतः शोधते. जाळीतल्या कोंबडीसाठी आपल्याकडच्या काळ्या दगडाची क्रशरवरची कच चाळून, ज्वारीच्या दाण्याएवढे तुकडे वेगळ्या वाटीत ठेवा.

कॅल्शियमचं भांडं याहून वेगळं. शिंपल्याचा जाडसर चुरा एका भांड्यात कायम भरलेला असू द्या. वरच्या मिश्रणात तो मुद्दामच घातलेला नाही, कारण नराला आणि अंड्यावर न आलेल्या तलंगांना एवढं कॅल्शियम नको असतं, त्यांच्या मूत्रपिंडावर ताण येतो. अंड्यावरची मादी गरजेपुरता आपणहून खाते. अंड्याचं कवच मुख्यतः रात्री तयार होतं. संध्याकाळी खाल्लेला जाडसर चुरा पोटात हळूहळू विरघळत रात्रभर पुरतो. चुन्याची बारीक पूड लवकर निघून जाते, म्हणून जाडसरच घ्या.

नाशिक भागात हे सांभाळा

निफाड, दिंडोरीच्या द्राक्षपट्ट्यात बागेत कोंबड्या सोडणं हा सर्वांत मोठा धोका आहे. फवारणी झालेल्या बागेतले मेलेले किडे, टाकीजवळ साचलेलं पाणी आणि गळलेले मणी, तिन्हींतून विषबाधा होते. हंगामात फवारण्या इतक्या जवळजवळ असतात की सुरक्षित दिवस शोधत बसण्यापेक्षा कोंबड्या जाळीत ठेवलेल्या बऱ्या.

जूनमध्ये पेरणीच्या वेळी बीजप्रक्रिया केलेलं लाल-गुलाबी बियाणं शिवारात सांडलेलं असतं. मूठभर खाल्लं तरी कोंबडी मरू शकते. पेरणीनंतरचे आठ-दहा दिवस त्यांना कोंडून पूर्ण दाणा द्या. उंदरांसाठी ठेवलेल्या विषाच्या गोळ्या खुराड्याच्या आसपास नकोतच.

कांदा चाळीतून काढलेला सडका कांदा त्यांच्यासमोर ओतू नका. जास्त कांद्याने रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. पिकलेला टोमॅटो चालतो, त्याचा पाला आणि हिरवी फळं नकोत. हिरवी पडलेली बटाट्याची सालंही नकोत. घरातलं उरलंसुरलं एकूण दाण्याच्या दहाव्या हिश्श्यापर्यंतच द्या. भात, भाकरी, भाजीचे देठ ठीक आहेत. मिसळीचं उरलेलं फरसाण, शेव, लोणचं, पापड यांतलं मीठ आणि तेल कोंबडीला झेपत नाही. बुरशी लागलेली भाकरी तर अजिबात नको.

खोडी आणि त्यांची कारणं

पिसं ओढणं. कळपात वरचढ-खालची अशी उतरंड असतेच. दाण्याजवळ एखादी चोच मारणं नेहमीचं आहे, त्यात पडू नका. पाठीवर किंवा शेपटीच्या मुळाशी उघडी कातडी दिसली, रक्त दिसलं, तर लगेच हात घाला. रक्ताच्या लाल रंगावर सगळ्या तुटून पडतात आणि शेपटीखालून आतडं ओढेपर्यंत वेळ जाऊ शकते. जखमी कोंबडी त्याच मिनिटाला वेगळी करा आणि जखमेवर जेन्शन व्हायोलेट हे जांभळं जंतुनाशक लावा. जखम निर्जंतुक होते आणि लाल रंग झाकला जातो. मग दोषी शोधा. जिची स्वतःची पिसं अगदी शाबूत, चकचकीत आहेत, तिच्यावर अर्धा तास नजर ठेवा. तिला चार-पाच दिवस वेगळं ठेवून परत सोडलं की उतरंडीतला तिचा वरचा नंबर गेलेला असतो आणि ती नरमते. सोबत कारणही काढायला हवं. गर्दी, कमी प्रथिनं, मिठाचा अभाव, उकाडा, खुराड्यात थेट पडणारं ऊन, एवढी पाच तपासा. नराच्या नख्यांनी पाठीची पिसं जातात ती गोष्ट वेगळी. दहा माद्यांना एकच नर पुरे, दोन ठेवले की माद्यांच्या पाठी उघड्या पडतात. आणि फक्त खायची अंडी हवी असतील तर नर लागतच नाही. शहरात शेजाऱ्यांची झोप हाही विचार आहे.

अंडी खाणं. सुरुवात बहुतेक वेळा पातळ कवचाचं अंडं चुकून फुटण्यापासून होते. चव लागली की एक शिकते आणि तिचं पाहून बाकीच्या. शिंपल्याचं भांडं रिकामं नाही ना, ते आधी बघा. चार-पाच माद्यांमागे एक फूट बाय एक फुटाचं एक अंड्याचं खोकं ठेवा, आत चार बोटं भाताचं तूस घाला आणि तोंडाला गोणपाटाचा पडदा लावा. अंधारात अंडं दिसत नाही, चोच मारली जात नाही. अंडी सकाळी आठला आणि अकराला, अशी दोनदा उचला. खोक्यात एक-दोन प्लास्टरची खोटी अंडी किंवा टेबल टेनिसचे चेंडू ठेवा. टोचून काही निघत नाही म्हटल्यावर बऱ्याच जणी नाद सोडतात. घरातली टरफलं द्यायची तर वाळवून, कुटून द्या, अर्धं टरफल तसंच टाकू नका.

खुराड्यात न येणं. नव्या कोंबड्यांना पहिले पाच-सात दिवस खुराड्यातच कोंडा, दाणा-पाणी आत. नंतर फक्त मावळायच्या तासभर आधी सोडा आणि वर सांगितलेल्या आवाजाने दाणा आत द्या. रोज अर्धा तास वाढवत न्या. दांडी दोन इंच रुंद, चपटी, कडा घासलेली असावी आणि दर कोंबडीला आठ इंच जागा मिळावी. दांडी अंड्याच्या खोक्यांपेक्षा उंच हवी. कोंबडी झोपायला सर्वांत उंच जागा निवडते. खोकी वर असली तर ती खोक्यातच झोपते, विष्ठा करते आणि सकाळची अंडी बरबटतात.

खुडूक. दिवसभर खोक्यात बसून राहणारी, हात घातला की फुगून गुरगुरणारी, छातीची पिसं उपटणारी मादी खुडूक झाली. पिल्लं हवी असतील तर तिच्याखाली दहा-बारा ताजी अंडी ठेवा, हिवाळ्यात आठवड्याच्या आतली आणि उन्हाळ्यात तीन-चार दिवसांच्या आतली. शांत कोपऱ्यात, टोपलीत, भाताच्या पेंढ्यावर रवणीला बसवा. सातव्या दिवशी रात्री अंड्यामागे विजेरी धरून शिरा न दिसणारी अंडी काढून टाका. २१ व्या दिवशी पिल्लं निघतात. रवणीला बसलेली मादी दिवसातून एकदाच उठते, तेव्हा पाणी आणि अख्खा दाणा जवळ हवा. एप्रिल-मेच्या उन्हात बसवणं टाळा, बरीच अंडी फुकट जातात.

पिल्लं नको असतील तर तारेच्या तळाच्या पिंजऱ्यात, खालून वारा लागेल असं, उजेडात तीन ते पाच दिवस ठेवा. दाणा-पाणी चालू असू द्या. खालून गारवा मिळाला की खुडूक उतरते. लवकर पकडली तर दोन-तीन आठवड्यांत परत अंड्यावर येते. नाकपुडीत पीस खुपसणं, थंड पाण्यात बुचकळणं या गावाकडच्या रीती सोडून द्या, नुसता छळ आहे तो.

ऋतूप्रमाणे बदल

मार्च ते मे दाणा पहाटे आणि सूर्य कलल्यावरच द्या, अकरा ते चार दाणापात्र उचलून ठेवा. खाद्य पचताना अंगात उष्णता तयार होते आणि कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकायला लागली तर छपरावर ओलं गोणपाट टाका. धापांमुळे कवचही पातळ होतं, तेव्हा शिंपल्याला दोष देऊ नका.

निफाडकडच्या कडाक्याच्या थंडीत दाण्याचं माप दहा टक्के वाढवा, वाढ संध्याकाळच्या मक्यात घ्या. वाऱ्याच्या बाजूला गोणपाट लावा, पण वरची वीतभर जाळी उघडी राहू द्या, नाहीतर अमोनिया कोंडून डोळे चिघळतात. डिसेंबरात आपल्याकडे दिवस जेमतेम अकरा तासांचा असतो आणि अंड्यासाठी चौदा-पंधरा तास उजेड लागतो. बल्ब लावायचा तर पहाटे लावा. रात्री दिवा अचानक बंद झाला की कोंबड्या जमिनीवरच राहतात, दांडी सापडत नाही. याच सुमारास, पाऊस सरल्यावर, जुन्या माद्या पिसं गाळतात आणि अंडी थांबवतात. मिश्रणात दोनशे ग्रॅम पेंड वाढवा आणि दीड-दोन महिने वाट पाहा.

इगतपुरी, घोटीच्या पावसात तूस ओलं होतं. मूठभर दाबून पाहा: गोळा राहिला तर बदला, मूठ उघडताच विस्कटलं तर ठीक. ओल्या तुसातून रक्ती हगवण येते, आणि ती आधी पिल्लांना धरते.

नवी कोंबडी कळपात घेताना

आठवडे बाजारातून आणलेली कोंबडी थेट आत सोडणं म्हणजे मानमोडी आणि मारामारी दोन्ही घरी आणणं. तीन आठवडे ती वेगळ्या जागी ठेवा, तिची भांडी वेगळी, आणि तिचं दाणा-पाणी आपल्या कळपाचं आटोपल्यावर. लसीबद्दल जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा. तीन आठवडे ठणठणीत राहिली की जाळीपलीकडे एक आठवडा, एकमेकींना दिसेल अशी ठेवा. मग रात्री अंधारात दांडीवर आणून बसवा. शक्यतो एकटी नको, दोघी-तिघी एकदम घ्या, म्हणजे मार वाटला जातो. पहिले चार दिवस दाण्याची आणि पाण्याची दोन-दोन भांडी लांब लांब कोपऱ्यांत ठेवा, आणि लपायला एक फळी भिंतीला तिरकी टेकवून द्या. पाचव्या रात्री नवीच्या गळ्याखालची पिशवी चाचपा. भरलेली लागली तर एक भांडं उचला, रिकामी असेल तर आणखी आठवडाभर दोन्ही राहू द्या.